दिंडीतली सेवा आणि तिची वही

दिंडीला शंभर वर्षं झाली, स्मरणिका काढायचं ठरलं आणि मंडळींनी माझ्या अंगावर काम टाकलं की, दिंडीत आजवर सेवा कोणी कोणी केली त्याचा इतिहास लिहा. मी म्हणलं, अहो, मी चौथी शिकलेला माणूस. कीर्तनाला उभं राहा म्हणाल तर दोन तास हलणार नाही, पण हातात पेन धरला की बोटं आखडतात. विणेकरी बुवा म्हणाले, बोलता तसंच लिहा, शुद्ध-अशुद्ध छापखान्यातले बघतील. म्हणून हे धाडस.

सन २०२० साली करोनामुळं पायी वारी निघाली नाही. माऊलींच्या पादुका एसटीनं पंढरीला गेल्या आणि आम्ही पहिल्यांदाच आषाढात घरी बसलो. जीव लागेना. तेव्हा दिंडीची पत्र्याची ट्रंक उघडली. वाळवी लागलेली होती, पण पुष्कळ वह्या शाबूत निघाल्या. सुरुवातीच्या मोडीत आहेत. मला मोडी येत नाही. फलटणला एक पेन्शनर गुरुजी आहेत, त्यांनी दोन महिने बसून वाचून दिल्या. १९४८ ते १९६० च्या वह्या मात्र नाहीत. त्या पुण्यात नदीकाठच्या पेठेत एका व्यापाऱ्याकडं ठेवायला दिल्या होत्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि त्याच्या घराबरोबर वह्याही गेल्या.

आता या वह्यांत काय आहे ते सांगतो. भिशी कोणी किती भरली. शिधा कोणाच्या घरून आला. बैलगाडीचं भाडं. पखवाजाला शाई भरली त्याचे पैसे. राहुटीचे दोर. अन्नदान कोणत्या मुक्कामी कोणाचं. कोणाकडं किती बाकी. सगळं चोख, आण्या-पैचा हिशोब. बघून छाती भरून आली. आणि मग माझ्या ध्यानात आलं की मला ज्यांचं नाव शोधायचं होतं त्यांचं नाव कुठंच नाही.

मला शोधायची होती पाण्याची आजी.

मी पहिल्यांदा वारीला गेलो ते १९६६ साली, आजोबांच्या बोटाला धरून. वय आठ. तेव्हा टँकर नव्हते. तळावर पोचलं की बायका हंडे घेऊन विहीर शोधायच्या. दिवे घाट चढताना तर जीभ टाळूला चिकटायची. त्या वेळी आमच्या दिंडीत एक म्हातारी होती, सत्तरीच्या आसपासची, विधवा, नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली. डोक्यावर पितळी कळशी, हातात पितळेचा पेला. दिंडीच्या पुढून मागं आणि मागून पुढं चालायची. म्हणजे आम्ही एक कोस चाललो तर ती दोन कोस चालली असणार. कोणी बसलं की त्याच्या पुढं पेला. मला घाटात चक्कर आली तेव्हा तिनं पदर भिजवून डोक्यावर ठेवला होता, तो गारवा मला आजही आठवतो. सगळे तिला "पाण्याची आजी" म्हणायचे. मीही तेच म्हणलो. तिचं नाव काय, गाव कोणतं, कोणी विचारलं नाही. भिशी तिला परवडत नव्हती. पाणी भरायचं आणि पंगतीला जेवायचं असा तिचा करार. भिशी नाही म्हणून वहीत नाव नाही. १९७७-७८ च्या सुमारास ती यायची थांबली. का थांबली ते सांगायची गरज नाही.

ती कळशी अजून दिंडीत आहे. मोठ्या आशेनं मी तिचा काठ चिंचेनं घासून बघितला. नाव कोरलेलं निघालं, पण ते कळशी देणाऱ्या सावकाराचं.

हे मनात घोळत असताना परवाच्या वारीत एक गोष्ट घडली. आपल्याकडं कॉलेजची पोरं येतात, राष्ट्रीय सेवा योजनेची, तळ झाडायला, पत्रावळ्या उचलायला. एक पोरगा दमून माझ्याशेजारी बसला आणि वहीत लिहायला लागला. म्हणलं, काय लिहितोस बाळा? म्हणाला, "महाराज, आज चार तास काम केलं ते लिहितोय. दोन वर्षांत दोनशे चाळीस तास भरावे लागतात, मग सर्टिफिकेट." मला आधी हसू आलं. सेवेचे तास मोजायचे? पण रात्री झोप लागेना. या पोराचे चार तास पुढं पन्नास वर्षांनी कोणाला तरी सापडतील. पाण्याच्या आजीचे बारा-पंधरा वर्षांचे तास कुठं गेले?

ही योजना निघाली २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं आणि ४० हजार पोरं होती. पण ती तरुणांची. म्हाताऱ्यांच्या सेवेची वही कोणी कुठं ठेवली आहे का, असं मी माझ्या पुतणीला विचारलं. ती अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ मेरीलँडला राहते, ग्रंथालयात नोकरी करते. म्हणाली, "अप्पा, ठेवली आहे. आणि माझ्या घरापासून अर्ध्या तासावर आहे." तिथं कॉलेज पार्क म्हणून गाव आहे, तिथं त्यांच्या राष्ट्रीय दप्तरखान्याची मोठी इमारत आहे. ती माझ्यासाठी सुट्टी काढून गेली आणि मोबाईलवर सगळं सांगितलं. आत पेन नेऊ देत नाहीत, शाई सांडली तर कागद जाईल म्हणून. नुसती शिसपेन्सिल. आम्ही ट्रंकेवर डाळीचं पोतं ठेवत होतो, ते आठवून मला लाज वाटली.

तिथं प्रत्येक खात्याच्या दप्तराला एक क्रमांक असतो. स्वयंसेवेच्या सरकारी कामांचा क्रमांक ३६२. देशाबाहेर सेवेला जाणाऱ्यांच्या पीस कोअरचा ४९०. आणि त्याच्या आधीच्या, १९३३ च्या मंदीत निघालेल्या एका मोठ्या कामाचा ३५. ते मला फार जवळचं वाटलं. तेव्हा तिथं बेकारी माजलेली. सरकारनं तरुण पोरांना छावण्यांत नेऊन झाडं लावायला, बांध घालायला, रस्ते करायला लावलं. महिना ३० डॉलर, त्यातले बहुतेक २५ परस्पर घरी आई-बापाला जायचे. १९४२ पर्यंत तीस लाखांच्या आसपास पोरं त्यात राबली. त्यांचे एकेकाचे कागद सेंट लुईस गावात ठेवलेत, पोरगा कोणत्या छावणीत होता, काय काम शिकला, कधी सुटला. आज नातू अर्ज करतो आणि आजोबांचा कागद मिळवतो.

मी १९७२ च्या दुष्काळात चौदा वर्षांचा होतो. खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. हजेरीपत्रकावर आईचा अंगठा आणि माझी सही. चौथी शिकल्याचा तेवढाच उपयोग. ते हजेरीपत्रक आज कुठं असेल? असो, विषयाकडं येतो.

म्हाताऱ्यांचं काम तिथं सुरू झालं १९६५ साली. साठीच्या वरचे, उत्पन्न थोडं असलेले आजी-आजोबा इस्पितळांत आणि अनाथ-अपंग पोरांच्या घरांत जायचे. आठवड्याला वीस तास. पोराला भरवायचं, मांडीवर घ्यायचं, बोलायचं. त्यांना थोडं मानधन मिळायचं. मग १९७१ साली दुसरी योजना आली, निवृत्त माणसांची. त्यात मानधन नाही, ज्याला जमेल ते त्यानं करावं. त्याच वर्षी १ जुलैला राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी तरुणांच्या आणि म्हाताऱ्यांच्या सगळ्या सेवा एका छत्राखाली आणल्या. पुढं तिसरी योजना आली. तिच्यात धडधाकट म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या घरी सोबतीला जातं. ही मला फार आवडली. आपल्या गावात आज अशा सोबतीची किती गरज आहे ते घराघरात बघा. पोरं पुण्या-मुंबईला आणि म्हातारा ओसरीवर.

पुतणीला मी विचारलं, मग त्या आज्यांची नावं त्या दप्तरात आहेत का? ती जरा थांबली. म्हणाली, "अप्पा, सगळं नाही राहत. सरकारचे शंभर कागद झाले तर त्यातले एक ते तीनच कायमचे ठेवतात. योजना कशी निघाली, कोणी मंजूर केली, किती पैसे, किती माणसं, अहवाल, हे राहतं. एकेकीनं रोज किती वाजता येऊन काय केलं, तो कागद बहुधा काही वर्षांनी काढून टाकतात."

म्हणजे एवढ्या मोठ्या देशातही, एवढ्या इमारती बांधूनही, तीच गत. जिथं पैशाची देवघेव झाली तिथला कागद टिकतो. जिनं नुसतं पोर मांडीवर घेतलं ती आकड्यात जाते.

एक गोष्ट मात्र तिनं अशी सांगितली की मी उठून बसलो. त्याच सेंट लुईस गावात फौजेच्या माणसांची दप्तरं होती. तिथं १९७३ साली आग लागली. एक कोटी साठ ते ऐंशी लाख फायली जळाल्या. दुसरी प्रत नव्हती, यादीही नव्हती. तारीख होती १२ जुलै. पानशेतचीच तारीख. आमच्या वह्या पाण्यात गेल्या, त्यांच्या आगीत. पण ते हात बांधून बसले नाहीत. ओले कागद सुकवले, अर्धे जळलेले जपून ठेवले, आणि ज्याची फाईल गेली त्याची सेवा दुसऱ्या कागदांवरून जुळवायला लागले. शेवटच्या पगाराची पावती बघ, दुसऱ्या खात्यातला अर्ज बघ. आजही ते काम चालू आहे.

यावरून मला वाट दिसली. आपली वही नाही तर दुसऱ्याची वही बघावी. आमची दिंडी किराणा कुठून घ्यायची? लोणंदच्या एका दुकानातून, उधारीवर. त्या दुकानदाराच्या नातवाकडं गेलो. तो भला माणूस, म्हणाला, माळ्यावर जुन्या चोपड्या आहेत, बघा तुम्हीच. तीन दिवस धुळीत बसलो, खोकला झाला. आणि १९६७ च्या आषाढातल्या पानावर, दिंडीच्या खात्याखाली, डाळ, तेल, मीठ, काडेपेट्या यांच्या खाली एक ओळ मिळाली: पाण्याची म्हातारी, चहा पूड, साखर. पुढं पैसे. बस. एवढंच. पण मी ते पान कपाळाला लावलं. तिला कोणीतरी चहा पाजत होतं, हे तरी कळलं.

नेमकं त्याच सालात आपल्या महाराष्ट्रात दुसरी एक म्हातारी सेवा करत होती. ती अमेरिकेची. माझे चुलते विक्रोळीला कारखान्यात होते, आषाढीला रजा काढून पुण्यात दिंडीला येऊन मिळायचे. त्यांच्या वस्तीपासून जवळच गोदरेजच्या वसाहतीत, दवाखान्यात, ही बाई काम करायची. चुलत्यांची आणि तिची कधी गाठ पडली नाही, पण पुढं नाव झालं तेव्हा चुलते सांगायचे, अरे आम्ही त्याच रस्त्यानं जात होतो. बाईंचं नाव लिलियन कार्टर. जन्म १८९८. जॉर्जिया राज्यातल्या खेड्यातल्या नर्सबाई, घरी भुईमुगाची शेती. नवरा १९५३ साली वारला. एके रात्री टीव्हीवर पीस कोअरची जाहिरात बघितली की सेवेला वयाची अट नाही, आणि अर्ज करून मोकळ्या झाल्या. १९६६ च्या अखेरीस, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी विक्रोळीला आल्या. आधी कुटुंबनियोजनाचं काम दिलं, मग दवाखान्यात गेल्या. कुष्ठरोग्यांनाही हात लावला. एकवीस महिने राहिल्या. सत्तरावा वाढदिवस इथंच झाला.

अशी पीस कोअरची चार हजारांवर माणसं १९६१ ते १९७६ या काळात भारतात येऊन गेली, कोणी कोंबडीपालन शिकवलं, कोणी शेती. बहुतेक तरुण पोरं-पोरी. ही म्हातारी वेगळी.

त्या घरी पत्रं लिहायच्या. घरच्यांनी ती जपून ठेवली. पुढं मोठा मुलगा जिमी कार्टर १९७७ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला आणि त्याच वर्षी पत्रांचं पुस्तक निघालं. पीस कोअरनं १९८६ साली त्यांच्या नावानं पन्नाशीच्या पुढच्या स्वयंसेवकांना पुरस्कारही सुरू केला. आता कोणी म्हणेल, मुलगा राष्ट्राध्यक्ष झाला म्हणून पत्रं छापली. खरं आहे. नाहीतर पेटीत राहिली असती. पण पेटीत तरी राहिली असती ना? ती लिहून ठेवली होती. बाकीच्या कितीतरी साध्या माणसांची पत्रं, रोजनिशा, आणि तोंडानं सांगितलेल्या आठवणी बोस्टनला केनेडींच्या नावच्या ग्रंथालयात जपून ठेवल्या आहेत. त्यासाठी कोणाचं पोर राष्ट्राध्यक्ष व्हावं लागत नाही.

दोघी एका वयाच्या, दोघी विधवा, दोघींच्या त्याच दोन आषाढांतल्या खस्ता. एकीला लिहिता येत होतं.

स्मरणिकेच्या बैठकीत मी म्हणलं की पाणी, सरपण, चूल, आजाऱ्याची उठबस असं काम केलेल्यांची वेगळी यादी छापू. तर दोन-तीन मंडळी नाराज झाली. म्हणाले, महाराज, सेवा म्हणजे निष्काम, नाव छापलं की अहंकार आला, संतांना ते मान्य नाही. मी म्हणलं, बरं. मग पाचशे एक रुपये देणाऱ्यांची यादी चार पानं छापताय ती कशी? बैठकीत हशा झाला, पण मुद्दा मिटला नाही. तेव्हा मी कीर्तनात सांगतो तेच सांगितलं. नेवाशाला माऊली बोलत होते आणि सच्चिदानंदबाबा लिहीत होते. चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असं परंपरा सांगते. तळेगावच्या संताजी जगनाडे यांच्या घराण्यात तुकोबांच्या अभंगांची वही राहिली, तिच्यावरून वि. ल. भावे यांनी गाथा छापली. लिहून घेणारे नसते तर आपण आज काय गायलो असतो? लिहिणाऱ्यानं दुसऱ्याचं लिहिलं. आपण पण दुसऱ्याचंच लिहू, स्वतःचं नको. यावर सगळ्यांचं एकमत झालं, आणि तोच नियम केला. यादीत आपलं नाव आपण सांगायचं नाही, दुसऱ्यानं सांगायचं.

त्या नियमानं चार महिने गावोगाव फिरलो. तरडगाव, बरड, नातेपुते, जुन्या वारकऱ्यांच्या ओसरीवर बसून विचारलं. म्हाताऱ्या बायकांना फार आठवतं. कोणी पटकीच्या साथीत आजाऱ्याला गाडीत घालून नेलं, कोणी रोज पहाटे दोनला उठून चूल पेटवायची, कोणी वीस वर्षं फक्त चपला-जोडे सांभाळले. अशी तीस नावं जमली. त्यांत बावीस बायका आहेत. वह्यांमध्ये, म्हणजे शंभर वर्षांच्या त्या सगळ्या वह्यांमध्ये, बायकांची नावं मला अकरा सापडली होती, आणि ती सगळी अन्नदान केलेल्यांची.

यंदापासून दिंडीत दोन वह्या आहेत. एक भिशीची. दुसरी सेवेची, तीत तारीख, मुक्काम, काम आणि सांगणाऱ्याचं नाव. लिहायला दहावीतली एक मुलगी ठेवली आहे, तिचं अक्षर चांगलं आहे. दोन्ही वह्यांचे मोबाईलवर फोटो काढून तीन घरी ठेवतो, पूर आला, आग लागली तरी एक प्रत राहील.

तीस नावं पुढच्या पानावर छापली आहेत. एकतिसावी ओळ कोरी आहे. तिथं फक्त "पाणी, १९६६ च्या आधीपासून १९७७ पर्यंत" एवढं लिहिलंय. तिचं माहेर दहिवडीकडचं असावं असं एक आजी म्हणाल्या, दुसऱ्या म्हणाल्या, नाही, माळशिरसकडची. डाव्या हातावर तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं, ते मला पक्कं आठवतं. कोणा वाचकाच्या घरी ही आपली आजी, पणजी, मावशी असावी असं वाटलं तर विणेकरी बुवांना किंवा मला तळावर येऊन सांगावं. छापलेल्या सगळ्या प्रतींत ती ओळ आम्ही पेनानं भरून देऊ.